उंबरठ्याच्या आतला कारभार

मुळशी तालुक्याइतकी विषम वस्ती एकाच महसुली हद्दीत नांदताना पुणे जिल्ह्यात क्वचितच आढळेल. पूर्वेकडे हिंजवडी आणि माण येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या उंच इमारती व त्यांच्याभोवती वाढलेली बहुमजली गृहसंकुले. मध्यभागी भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे या पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि बंगले. आणि पौडची मामलेदार कचेरी मागे टाकून पश्चिमेस निघावे तो कोळवणच्या खोऱ्यातील भातखाचरे, मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि सरतेशेवटी ताम्हिणीचा घाट, जेथे आषाढात पाऊस दिवसचे दिवस उसंत घेत नाही. राहणी निराळी, घरे निराळी, बांधकामाचे साहित्यही निराळे, परंतु घरात इंटरनेटची जोडणी घेतलेल्या माणसाची तक्रार या तिन्ही टापूंत एकाच शब्दांत ऐकू येते : "बाहेरच्या खोलीत नेट चांगलं चालतं, आत गेलं की रेंजच येत नाही." मग केबलवाल्याला फोन जातो, तो येऊन पेटी बंद करून पुन्हा चालू करतो, मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला देतो, आणि महिन्याचा आकार वाढूनही आतली खोली होती तशीच राहते. या प्रकरणाचा विषय ती आतली खोली हाच आहे. स्वतःचा राउटर विकत आणून कंपनीच्या पेटीला जोडणे हे काम सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले आहे. मात्र ते करण्यापूर्वी कंपनीची हद्द कोठे संपते व आपली कोठे सुरू होते, आणि आपल्या हद्दीत अंमल कोणत्या एका यंत्राचा राहणार, या दोन गोष्टींचा निर्णय झाला पाहिजे. तो न करता आणलेली दुसरी पेटी बहुधा पहिलीच्या अडचणींत स्वतःची भर घालते.

तारांचा आणि या तालुक्याचा संबंध शंभर वर्षांचा आहे. टाटा कंपनीच्या धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला, आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी दिली. धरण तरीही पुरे झाले, आणि १९२७ पासून त्या पाण्यावर घाटाखालच्या भिरा येथील वीजगृहात निर्माण होणारी वीज मुंबईकडे जाऊ लागली. खोऱ्यातले साधन खोऱ्याबाहेर जाते, हा त्या पिढीचा अनुभव होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते प्रथम मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांच्याच वाट्याला आले. आज मात्र पौड रस्त्याने खांबाखांबांच्या आधाराने येणारी काचतंतूची काळी वायर शहराकडून खोऱ्याकडे येत आहे, आणि ज्या घरापासून ग्रंथालय, शिकवणीचे वर्ग, कचेऱ्या आणि दवाखाने दूर आहेत त्या घराला तिचा उपयोग शहरातल्या घरापेक्षा अधिक आहे. इतक्या दुरून आलेली ही सोय उंबरठ्यावर पोहोचल्यानंतर शेवटच्या वीस हातांत वाया जावी, हे मला खरोखरच सलते.

ही वायर ज्या पेटीत शिरते तिच्यात तीन निरनिराळी खाती एकत्र नांदत असतात. पहिले खाते प्रकाशाचे. मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या काचतंतूतून कंपनीच्या बाजूने १४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश येतो आणि घराकडून १३१० नॅनोमीटरचा जातो. दोन्ही डोळ्यांना अदृश्य, दोन्ही एकाच तंतूतून, आणि लांबी भिन्न असल्यामुळे एकमेकांत न मिसळणारे. घरगुती जोडण्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत अशा एका मुख्य तंतूवरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती येते व सव्वा गिगाबिट जाते, आणि वाटेतल्या विभाजकांतून ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. प्रकाश पोहोचेनासा झाला की पेटीवर लाल दिवा लागतो. तो लागला असता घरात कितीही खटपट केली तरी बहुधा व्यर्थ, कारण दोष पुष्कळदा उंबरठ्याबाहेरचा असतो. दुसरे खाते राउटरचे, म्हणजे घरातील अनेक यंत्रांचा बाहेरच्या जगाशी चाललेला व्यवहार नोंदून ज्याचे त्याला पोहोचवण्याचे. तिसरे खाते वायफायचे, म्हणजे तोच व्यवहार रेडिओलहरींनी हवेतून करण्याचे. पहिल्या खात्यावर कंपनीचा हक्क आहे आणि तो तिच्याकडेच असू द्यावा. आपला नवा राउटर दुसऱ्या खात्याची जागा घेणार, तिसऱ्याची घेणार, की दोहोंची, एवढाच प्रश्न गृहस्थापुढे असतो. आणि दुकानात पेटी निवडताना नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एक कसोटी तारेने घ्यावी. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट कंपनीच्या पेटीत जोडावी, घरातील बाकीची उपकरणे घटकाभर बंद ठेवावी, आणि वेग मोजावा. प्लॅनमध्ये कबूल केलेला वेग तारेवर जवळजवळ पुरा मिळत असेल तर कंपनी आपले काम चोख करते आहे आणि दोष घराच्या आत आहे. तारेवरही तो निम्माशिम्माच मिळत असेल तर नवा राउटर आणून काहीही साधणार नाही, तक्रार कंपनीकडेच नोंदवली पाहिजे. लॅपटॉपला केबलचे भोक नसेल तर पेटीपासून चार-पाच फुटांवर, मध्ये काहीही आड न येऊ देता, वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान अशा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मोजलेला वेगही कामचलाऊ दाखला म्हणून चालेल. पाच मिनिटांच्या या खातरजमेने पुढचे निष्फळ वादविवाद टळतात.

रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमक्ष दाखवले होते. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी मधल्या भिंतींतून पाठवून त्यांनी पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्या प्रयोगाचे घरगुती रूप म्हणजे वायफाय. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी जे लहरींचे पट्टे राखून ठेवले त्यांतच पुढे वायफायच्या कामी आलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. वायफायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. आपल्या देशात एके काळी घरात साधा रेडिओसंच ठेवण्यासाठीही टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शक्तीची मर्यादा घालून परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या मोठ्या भागास तीच मुभा दिली, म्हणूनच आज कोणीही गृहस्थ कोणाचीही सनद न घेता स्वतःच्या घरात प्रक्षेपक बसवू शकतो. या दोन पट्ट्यांच्या स्वभावात मात्र भेद आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ती मंद, परंतु भिंतींतून अधिक चिवटपणे वाट काढणारी. ५ गिगाहर्ट्झची लांबी पाच-सहा सेंटिमीटर. ती वेगाने पुष्कळ मजकूर वाहून नेते, पण एक जाड भिंत आडवी आली की तिचे बळ सरते.

आता कोळवण खोऱ्यातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. दर्शनी भाग अलीकडचा, विटांचा आणि स्लॅबचा. त्याला लागून जुने घर, ज्याची मधली भिंत दगडमातीची आणि दीड हात रुंदीची. त्यापलीकडे माजघर, स्वयंपाकघर आणि अखेरीस पत्र्याची मागची पडवी, जेथे मुलगा अभ्यासाला बसतो कारण तेथेच काय ती शांतता असते. वायर आणणाऱ्याने पेटी पुढच्या दाराशी, टीव्हीच्या मागे, खिळ्याला टांगली, कारण तेथवर वायर कमी लागली. या घरात लहरीला माजघरात जाण्यासाठी प्रथम टीव्हीचा धातूचा पत्रा, मग ती दगडमातीची भिंत, आणि कित्येकदा भिंतीला टेकवलेले लोखंडी कपाट ओलांडावे लागते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात जेमतेम चालणारे वायफाय श्रावणात बंद पडले तर तो भ्रम समजू नये. पत्रा तर लहरीला आत घेतच नाही, तो तिला परतवून लावतो. स्वच्छतागृहातील मोठा आरसा, गच्चीवरची भरलेली टाकी, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या या सर्व वस्तूंचा हिशेब याच खाती धरावा.

त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या सदनिकेत अडचणीचे स्वरूप वेगळे असते. तेथे अनेक नव्या इमारतींत विटांच्या भिंतींऐवजी सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्याच भिंती आहेत, आणि त्या भिंतींपलीकडे वरखाली, डावीउजवीकडे प्रत्येक घरात एकेक राउटर बोलतो आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या १३ दिसल्या तरी परस्परांच्या अंगावर न येणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. त्यांत वीस-पंचवीस घरे दाटीवाटीने बसली म्हणजे प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. तेथे ५ गिगाहर्ट्झवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. जलाशयाकाठच्या एकट्या घराला शेजाऱ्यांची ही अडचण मुळीच नाही, तेथे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ निर्वेध मिळतो. एकाच तालुक्यात एका घराला दिलेला सल्ला दुसऱ्या घराला निरुपयोगी ठरतो तो यामुळे.

घरातील लहरींचे बळ मोजण्यास कोणाची गरज नाही. फोनवर वायफाय मोजणारी जी साधी अ‍ॅप मिळतात ती बळ उणे आकड्यांत दाखवतात : उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओवरचे संभाषण सुरळीत, उणे ८० च्या खाली नुसते अस्तित्व. हे आकडे सरळ चढत-उतरत नाहीत. तीन अंक घसरले म्हणजे बळ निम्मे झाले, दहा घसरले म्हणजे दशांश उरले. फोन हातात धरून पुढच्या दारापासून मागच्या पडवीपर्यंत प्रत्येक खोलीत क्षणभर थांबत चालत जावे आणि आकडे कागदावर उतरून घ्यावे. आपण कल्पिलेल्या घरात ओटीवर उणे ४२, माजघरात उणे ६१, स्वयंपाकघरात उणे ७८, आणि पडवीत उणे ८८ असा उतार दिसला तर नवल नाही. आणि ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या त्या ३६ अंकांचा अर्थ असा की, तेथे पोहोचेपर्यंत लहरीचे बळ चार हजारांत एक हिस्सा उरले. हा कागद हाती असला म्हणजे दुकानदाराच्या वर्णनाला भुलण्याचे कारण राहत नाही. सहा-सहा, आठ-आठ अँटेनांची पेटी दाखवून तो सांगेल की हिची रेंज सगळ्या घराला पुरते. परंतु संभाषण दोन्ही बाजूंनी होत असते, आणि पेटीचा आवाज मोठा झाला तरी खिशातल्या फोनचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे रेंजच्या काड्या पुऱ्या दिसूनही पान उघडत नाही. पेटी दाराशी ठेवून तिची शक्ती वाढवण्यापेक्षा दुसरी साधी पेटी माजघरात नेणे हाच खरा उपाय आहे.

ती नेल्यावर अंमल कोणाचा, हा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरासाठी राउटरचे मुख्य काम समजून घेतले पाहिजे. इंटरनेटच्या जुन्या आणि अद्याप प्रचलित पद्धतीत पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ च आहेत; पृथ्वीवरील सर्व यंत्रांना ते पुरणारे नाहीत हे १९९० नंतर लवकरच ध्यानात आले. तेव्हा अशी तजवीज झाली की, १९२.१६८ ने सुरू होणारे व आणखी काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवावेत, ते कोणत्याही घरात पुन्हा पुन्हा वापरले जावेत, आणि बाहेर मात्र सबंध घराला एकच पत्ता असावा. सरकारी कचेरीतील आवक-जावक बारनिशी सांभाळणारा कारकून जे करतो ते येथे राउटर करतो : आतल्या एका मेजावरून निघालेल्या कागदावर तो कचेरीचा जावक क्रमांक घालतो, कोणत्या मेजाचा कागद होता हे आपल्या वहीत टिपतो, आणि उत्तर आले की वही पाहून ते त्या मेजावर पोहोचवतो, ज्या टपालाची वहीत नोंदच नाही ते दारातच राहते. शिवाय घरात आलेल्या प्रत्येक नव्या फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला अंतर्गत पत्ता नेमून देणे आणि बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता हे सांगणे, हेही त्याच कारकुनाचे काम असते.

बाजारातून आणलेला राउटर पेटीतून काढून, त्याच्या निराळ्या रंगाच्या वॅन भोकात कंपनीच्या पेटीकडून आलेली केबल घातली की घरात दोन बारनिश्या सुरू होतात. बाहेर जाणारा कागद दोनदा नोंदला जातो, उत्तर दोनदा शोधले जाते. बातम्या वाचणे, चित्रपट पाहणे, पैसे पाठवणे हे सारे बिनबोभाट चालते, आणि पुष्कळ माणसे जन्मभर असेच वापरतात. अडते ते दुसरीकडे. पुढच्या खोलीतील प्रिंटर मागच्या खोलीतील लॅपटॉपला सापडत नाही, कारण दोघे दोन निरनिराळ्या वह्यांत आहेत. पुण्यात राहणाऱ्या मालकाने शेतघरावर स्वतःच्या यंत्रात चित्रण साठवणारे कॅमेरे बसवून ते थेट बाहेरून पाहण्याची व्यवस्था केली असेल तर ती दोन दारांपुढे थबकते. पुष्कळ कंपन्या स्वतःच्या जाळ्यातही अशी एक नोंदवही ठेवतात, तिची गणना केली तर तिसरी झाली. याहून वाईट प्रकार म्हणजे, कोणाच्या तरी सांगण्यावरून केबल वॅनऐवजी लॅन भोकात घालणे आणि नव्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय चालूच ठेवणे. मग एकाच दालनात दोन अधिकारी पत्ते वाटू लागतात; ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता फोन घेतो, आणि नव्याचा घेतला तर ज्या दाराबाहेर रस्ताच नाही अशा दाराकडे तो धाडला जातो. सकाळी चालते, दुपारी चालत नाही, आईच्या फोनवर चालते, वडिलांच्या चालत नाही. सततच्या बिघाडापेक्षा असा अधूनमधून होणारा बिघाड माणसाला अधिक छळतो, आणि केबलवाल्याला तो सापडतही नाही.

माझे मत असे की, दहांपैकी नऊ घरांना दुसऱ्या राउटरकडून फक्त वायफायचे काम घेणे पुरते. पत्त्यांचा व नोंदींचा कारभार कंपनीच्या पेटीकडे राहू द्यावा. या व्यवस्थेला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात, आणि बहुतेक नव्या राउटरांत ती एका निवडीने होते. जुन्या राउटरात ती हाताने करावी लागते. त्यासाठी नवी पेटी कंपनीच्या पेटीला जोडण्यापूर्वीच लॅपटॉपला केबलने जोडावी आणि ब्राउझरमध्ये तिचे व्यवस्थापनाचे पान उघडावे. प्रथम तिचा कारभारी पासवर्ड बदलावा. मग कंपनीची पेटी १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर नवीला त्याच मालिकेतला, परंतु वाटपासाठी ठेवलेल्या क्रमांकांच्या बाहेरचा, एखादा पत्ता नेमून द्यावा, त्यानंतर तिची पत्ते वाटण्याची, म्हणजे डीएचसीपीची, सोय बंद करावी, वायफायचे नाव व पासवर्ड कंपनीच्या पेटीवर आहेत तेच ठेवावे, म्हणजे घरात फिरताना फोन आपण होऊन जवळच्या पेटीला धरतो, २.४ गिगाहर्ट्झवर एक पेटी वाहिनी १ वर असेल तर दुसरी ६ किंवा ११ वर ठेवावी. आणि मगच दोन्ही पेट्यांच्या लॅन भोकांत केबल घालून त्या जोडाव्यात. नवीचे वॅन भोक रिकामेच राहते, त्याने बिचकू नये. नव्या पेटीचा नेमून दिलेला पत्ता कागदावर लिहून तिच्या पोटाला चिकटवावा, कारण तो विसरला तर तिचे पान पुन्हा उघडणे कठीण होते.

दुसरा मार्ग याच्या उलट : कंपनीची पेटी केवळ प्रकाशाच्या कामापुरती ठेवून सगळा अंमल आपल्या राउटरकडे घेणे. याला ब्रिज म्हणतात. ज्याला घरातील प्रत्येक यंत्राची नोंद स्वतः पाहायची आहे, मुलांच्या फोनला रात्रीची वेळ बांधून द्यायची आहे, किंवा कंपनी बदलली तरी घरची रचना बदलू द्यायची नाही, त्याने हा मार्ग घ्यावा. येथे कंपनीची संमती लागते. जोडणीचे नाव व पासवर्ड, आणि लागू असल्यास व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या तारेवरील जाळ्याच्या ओळखीचा, क्रमांक, तिच्याकडून लेखी मागून घ्यावा आणि तो हाती पडेपर्यंत पेटीला हात लावू नये. पेटीतूनच लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज केल्यावर ते बंद पडू शकते, हे आधी विचारून ठेवावे. काही कंपन्या ब्रिज करून देतच नाहीत. तसे झाले तर अ‍ॅक्सेस पॉइंटवर संतोष मानण्यात कमीपणा नाही.

दोन्ही मार्गांत केबल अटळ आहे, आणि ती टाळण्यासाठी लोक रिपीटर आणतात. रिपीटर ज्या लहरीने ऐकतो तिनेच पुढे बोलतो, त्यामुळे एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्या स्वस्त रिपीटरमागे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि तो जर रेंज संपते तेथेच बसवला, जसा तो बहुधा बसवतात, तर त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. मेश म्हणून मिळणारे, परस्परांशी बोलणाऱ्या अनेक पेट्यांचे संच अधिक समजूतदार असतात, पण दीड हाताची भिंत त्यांनाही चुकत नाही. तेव्हा एकदा त्रास सोसून कॅट ६ जातीची केबल घालावी. ती पूर्ण तांब्याची असावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच, किमतीला कमी आणि पुढे मनस्ताप देणारी. आतील आठही तारा दोन्ही टोकांना नीट बसल्या पाहिजेत, कारण एकाही जोडीत खोट राहिली तर गिगाबिटची जोडणी निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरते. लांबीची मर्यादा १०० मीटर. भिंतीबाहेरून न्यायची तर उन्हात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची घ्यावी आणि पाइपातून न्यावी, नाहीतर भाताच्या कणग्यांसाठी आलेले उंदीर प्रथम तिच्यावर दात घासतात.

गोठ्याकडे, गोदामाकडे किंवा शेतघराच्या दुसऱ्या इमारतीकडे जायचे असेल तर मात्र तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. वैशाखातील वळवाच्या विजा या डोंगरांत जोरदार असतात. जवळ कोठे वीज पडली तरी लांब तांब्याच्या तारेत उसळणारा दाब दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो. दोन इमारतींमध्ये काचतंतूच न्यावा आणि दोन्ही टोकांना प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी छोटी यंत्रे बसवावीत. काच वीज वाहून नेत नाही. पण तंतूचा ताण पेलणारी लोखंडी तार सोबत असेल तर ती घराबाहेरच तोडून टाकावी.

विजेचा दुसरा प्रश्न तिच्या जाण्याचा. कंपनीची पेटी आणि आपला राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात, आणि त्यांना मिनी यूपीएस नावाची तळहातावर मावणारी बॅटरीपेटी काही तास चालवू शकते. मात्र अडॅप्टरवरचा व्होल्टचा आणि अँपिअरचा आकडा, आणि पिनेची धन-ऋण बाजू, दोन्ही यंत्रांशी ताडून पाहावी. एकाच पेटीला बॅटरी लावून दुसरीला न लावणे निरर्थक आहे.

सुरक्षेचा बंदोबस्त थोडक्यात सांगतो, पण तो हलका समजू नये. १९९७ च्या मानकातली वेप ही कुलूपपद्धत २००१ मध्येच फुटली. २००४ ची डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ ची डब्ल्यूपीए-३ हीच निवडावी. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी, कारण तो पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने फार तर ११,००० प्रयत्नांत उलगडतो, हे २०११ सालीच उघड झाले आहे. ज्या राउटरला त्याच्या कंपनीकडून फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आतल्या प्रणालीची, दुरुस्ती मिळणे बंद झाले तो कितीही शाबूत दिसला तरी निवृत्त करावा. मुळशीत कृषी पर्यटन करणाऱ्या कुटुंबांना येथे विशेष सावध राहिले पाहिजे : शनिवार-रविवारी आलेल्या पाहुण्यांना घरचा पासवर्ड देणे म्हणजे त्यांचे फोन घरचे कॅमेरे, प्रिंटर आणि हिशेबाचा संगणक यांच्या दालनात आणून बसवणे. त्यांच्यासाठी गेस्ट म्हणून वेगळे जाळे उघडावे. आणि काही राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालताना हा वेगळेपणा पाळत नाहीत, म्हणून स्वतः पाहुण्याच्या जाळ्यावर जाऊन मुख्य पेटीचा १९२.१६८.१.१ सारखा पत्ता उघडून पाहावा. तो उघडला, तर वेगळेपणा नावापुरताच आहे.

शेवटी ज्यांचे घर अजून कागदावर आहे त्यांना एक विनंती. भूगावपासून ताम्हिणीपर्यंत आज बांधकामे चालू आहेत, आणि त्यांच्या नकाशांत नळ, वीज, सांडपाणी या सर्वांची वाट आखलेली असते. या वायरीची नसते. वायर ज्या दाराशी येणार तेथून प्रत्येक मजल्याच्या मध्यापर्यंत पंचवीस मिलिमीटरचा एक रिकामा पाइप, विजेच्या वायरींपासून वेगळा, आत ओढणीची तार घालून टाकून ठेवा, आणि त्याच्या तोंडाशी विजेचा एक पॉइंट द्या. मिस्त्रीला ही गोष्ट स्लॅब पडण्यापूर्वी सांगा.